हिरडीच्या कडेवर

ब्रश करून थुंकल्यावर फेसात गुलाबी रेघ दिसली की माणूस सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर ब्रश बदलतो, नाहीतर त्या जागेला ब्रश लावायचं टाळतो. टाळणारे जास्त, आणि त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. अंगावर कुठेही रक्त आलं की आपण त्या जागेला हात लावत नाही, ती भरून येऊ देतो. गुडघा खरचटला तर तेच शहाणपणाचं. हिरडीचं बरोबर उलटं आहे. जिथून रक्त येतं तिथेच ब्रश रोज, हलक्या हाताने पण न चुकता पोचला पाहिजे. एवढी एक गोष्ट घराघरात माहीत झाली तर किती दात वाचतील, असं मला सारखं वाटत राहतं. आज त्यासाठीच लिहायला बसले आहे.

हे रक्त बहुतेक वेळा ब्रशमुळे येत नाही. ब्रश पोचण्याआधीच ती जागा सुजलेली असते. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेवर जंतूंचा मऊ, चिकट थर साचतो. त्यालाच प्लाक म्हणतात. त्या थराशी लढायला शरीर तिथला रक्तपुरवठा वाढवतं, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, वरचं आवरण नाजूक होतं, आणि ब्रशचे केस नुसते टेकले तरी रक्त येतं. निरोगी हिरडीवर तोच ब्रश तसाच फिरवला तर काही होत नाही.

हे कुणाच्या अंदाजावरचं बोलणं नाही. १९६५ मध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत त्या सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. कुणाच्या लवकर, कुणाच्या उशिरा, पण सुटला कुणीच नाही. मग त्यांनी पुन्हा दात नीट साफ करायला सुरुवात केली आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. या प्रयोगाचा पूर्वार्ध सगळे सांगतात. मला उत्तरार्ध जास्त मोलाचा वाटतो. हिरडीची सुरुवातीची सूज पूर्ण परत फिरते, तीही औषधाशिवाय, आणि तिला साधारण आठवडाभर पुरतो. शरीरातल्या किती आजारांबद्दल असं म्हणता येईल?

मात्र परतीची ही वाट एका टप्प्यापर्यंतच उघडी असते. तो टप्पा कळायला दात जबड्यात बसतो कसा ते बघावं लागतं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. हाडात त्याच्यासाठी एक खळगा असतो आणि त्या खळग्यात तो हजारो बारीक तंतूंनी टांगलेला असतो. तंतूंचं एक टोक मुळाच्या पृष्ठभागात, दुसरं हाडात. म्हणूनच आपण कडक घास चावतो तेव्हा दात अगदी किंचित दबतो आणि परत वर येतो. जेवताना घासात बारीकसा खडा आला तर तो लगेच कळतो तोही या तंतूंमधल्या संवेदनेमुळे. हिरडी वरून हे सगळं झाकून ठेवते. तिच्या आणि दाताच्या मध्ये एक अरुंद खाच असते, निरोगी माणसात १ ते ३ मिलिमीटर खोल. थर त्या खाचेत उतरला आणि तिथे मुक्काम करून राहिला की सूज खाली सरकते. तंतू सुटत जातात, हाड झिजत जातं, खाच खोल होत तिचा खिसा होतो. गेलेलं हाड मग आपलं आपण परत येत नाही. दुखतही नाही, म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षं चालू राहते. दात हलायला लागल्यावर माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा दात अखंड असतो, त्याला एकही कीड नसते, आणि तरी तो काढावा लागतो. असा धडधाकट दात हातात घेऊन बघणाऱ्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. त्याला कळत नव्हतं की खराब नेमकं काय झालं.

आपलं सगळं लक्ष दातांवर असतं. पांढरे आहेत का, चमकतात का, फोटोत कसे दिसतात. पेस्टच्या जाहिराती त्याच बोलीत बोलतात. हिरडीकडे बघायची सवय आपल्याला कुणी लावलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दात घासताना नजर आणि ब्रश दोन्ही दाताच्या पोटावरून उचलून कडेवर आणावेत.

ही कड किती हट्टी असते हे फार जुन्या काळी एका माणसाने लिहून ठेवलं आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा आंतोनी व्हॅन लेव्हेनहूक कापडाचा व्यापारी होता आणि स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा. १७ सप्टेंबर १६८३ या दिवशी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की मी रोज सकाळी मिठाने दात घासतो, जेवणानंतर दाढा कोरून काढतो, कापडाने पुसतो, त्यामुळे माझ्या वयाच्या मानाने माझे दात स्वच्छ आहेत. तरीही काही दातांच्या मध्ये पांढरट, पिठासारखा लगदा उरतोच. तो लगदा त्याने पावसाच्या पाण्यात मिसळला, भिंगाखाली धरला, आणि त्याला तिथे वळवळणारे जीव दिसले. जंतूंची ही माणसाने केलेल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी एक. ती दातांच्या फटीतून आली हे मला फार बोलकं वाटतं. नेमाने घासणाऱ्या, पुसणाऱ्या, कोरणाऱ्या माणसाच्या तोंडातही तो थर फटीत शाबूत होता.

स्वतःच्या तोंडातली ती जागा बघायची असेल तर एक सोपा उपाय आहे. प्लाक रंगवणाऱ्या गोळ्या मिळतात. दात घासून झाल्यावर एक गोळी चघळायची, चूळ भरायची आणि उजेडात आरशासमोर तोंड उघडायचं. आमच्या घरी ही गोळी भाचीसाठी आणली होती. तिचे पुढचे दात लख्ख होते, दाताच्या पोटावर रंगाचा ठिपकाही नव्हता. पण प्रत्येक दाताच्या मुळाशी, हिरडीला लागून, एक बारीक गुलाबी कमान उमटली होती. वरच्या सुळ्यांपाशी ती जाड होती. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, सलग पट्टा होता. आणि शेवटच्या दाढांच्या मागे रंग गडद जांभळा, कारण या गोळीत जुना थर गडद आणि ताजा थर फिका दिसतो. तिने ब्रश घेऊन ती कमान घासून काढली तेव्हा हात कुठे आणि किती वळवावा लागतो हे तिचं तिलाच कळलं. मी शब्दांत सांगून हे कधीच जमलं नसतं. मुलांसाठी म्हणून या गोळ्या सुचवतात. माझ्या मते मोठ्यांनी आधी घ्याव्यात.

ब्रश कसा धरायचा याचं उत्तर ज्याने दिलं तो दंतवैद्य नव्हता, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. चार्ल्स बास हे अमेरिकेतल्या टुलेन विद्यापीठातले डॉक्टर. मलेरियाचा परजीवी शरीराबाहेर वाढवून दाखवण्याचं काम त्यांनी १९१२ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर केलं होतं. निवृत्तीनंतर ते दातांकडे वळले आणि जंतूंच्या अभ्यासकाची नजर घेऊनच वळले. जंतू कुठे राहतात? खाचेत. मग ब्रशचं टोक तिथे गेलं पाहिजे. त्यांची पद्धत आज जगभर शिकवतात. ब्रश दाताला आडवा लावायचा, पण केसांची टोकं ४५ अंशांत हिरडीच्या कडेकडे तिरकी करायची, इतकी की टोकं खाचेत किंचित शिरतील. मग जागेवरच अगदी छोटे, थरथरल्यासारखे झटके द्यायचे. दोन-तीन दात झाले की पुढे सरकायचं. वरून खाली किंवा खालून वर, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे पुसून काढलं की ती जागा झाली.

यात जोर कुठेच नाही. थर ताजा असताना इतका मऊ असतो की नखानेही निघतो. जोराने आडवं घासणाऱ्यांचं नुकसान वेगळंच होतं. हिरडी हळूहळू मागे सरकते, मूळ उघडं पडतं. मुळावर कडक एनॅमलचं कवच नसतं, त्यामुळे तिथे खाचा पडतात, आणि थंड पाणी किंवा नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी दातातून सणक जाते. ब्रशचे केस काही आठवड्यांतच फुलासारखे पसरत असतील तर हात जड आहे हे समजावं. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्यावा, केस वाकले की किंवा तीन-चार महिन्यांनी बदलावा. कडक ब्रश विकायला ठेवतातच का, हे मला आजही उमगलेलं नाही.

वेळ दोन मिनिटं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण घड्याळ लावून बघितलं की दोन मिनिटं किती लांब असतात ते कळतं. आणखी एक. आपण सगळे ठरलेल्या एकाच जागेपासून सुरुवात करतो, बहुधा पुढून, आणि कंटाळा येतो तोवर मागच्या दाढांच्या आतल्या बाजू राहिलेल्या असतात. म्हणून सुरुवात तिथूनच करावी. खालच्या दाढांची जिभेकडची बाजू आधी, पुढचे दात शेवटी. पुढच्या दातांना कुणीच विसरत नाही.

इतकं करूनही ब्रश दाताच्या तीनच बाजूंना पोचतो. बाहेरची, आतली, चावायची. शेजारच्या दातांना लागून असलेल्या दोन बाजू उरतात, आणि हिरडीचा आजार बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. लेव्हेनहूकचा लगदाही तिथलाच. यासाठी दोऱ्याचा उपाय जुना आहे. लेव्ही स्पिअर पार्म्ली या अमेरिकन दंतवैद्याने १८१९ मध्येच मेण लावलेला रेशमी दोरा दातांच्या मधून फिरवायला सांगितलं होतं. आज तो नायलॉनचा मिळतो, पण काम तेच.

हा दोरा, म्हणजे फ्लॉस, नुसता फटीत घालून वर ओढला की अन्नाचा कण निघतो, थर तसाच राहतो. हातभर दोरा घ्यावा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळावा, बोटभर मोकळा ठेवावा. आरीसारखा अलगद मागेपुढे करत दोन दातांच्या मधून उतरवावा, एकदम खचकन दाबू नये, नाहीतर हिरडी कापते. मग तो एका दाताला अर्धवर्तुळात मिठी मारेल असा वळवावा, हिरडीच्या किंचित खाली नेऊन दाताला घासत वर आणावा. मग त्याच फटीत दुसऱ्या दाताला. दोरा काढून वास घेतला तर बऱ्याच लोकांना तोंडाच्या वासाचं मूळ कुठे होतं ते कळेल. सुरुवातीला काही दिवस रक्त येतं, ते वर सांगितलेल्या कारणानेच. रोज केलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. आणि तरीही थांबलं नाही तर तो डॉक्टरकडे जायचा इशारा. ज्यांच्या फटी मोठ्या झाल्या आहेत त्यांना दोऱ्यापेक्षा बाटली धुवायच्या ब्रशच्या आकाराचे इवलेसे इंटरडेंटल ब्रश जास्त उपयोगी पडतात. ज्यांची बोटं वयाने आखडली आहेत त्यांनाही तेच सोपे.

निघायचा राहिलेला थर लाळेतल्या क्षारांनी हळूहळू कडक होतो. हेच किटण. त्याची सुरुवात एक-दोन दिवसांतही होऊ शकते, आणि एकदा घट्ट झालं की ब्रशने निघत नाही. ते कुठे जास्त साचतं याचं गणित ठरलेलं आहे. लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. जीभ खालच्या दातांच्या मागून फिरवून बघा, खरखरीत लागलं तर ते किटण आहे. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर आणखी सहज बसतो, म्हणून ते डॉक्टरकडून काढून घ्यावं लागतं.

इथे एक समज आड येतो, आणि तो मोडून काढावा असं मला मनापासून वाटतं. दात साफ करून घेतले की ते सैल होतात, फटी पडतात, असं कितीतरी लोक सांगतात. त्यांना जाणवलेलं खोटं नसतं. किटणाने फटी भरलेल्या असतात आणि सुजलेली हिरडी फुगून उरलेली जागा व्यापून असते. किटण गेलं, सूज उतरली, की आधीच झालेली झीज उघडी पडते. किटणामागे हाड गेलेलं होतंच. ते झाकून ठेवल्याने उरलेलं हाडही जातं.

डॉक्टरांकडे गेल्यावर नुसतं तोंड उघडून पडून राहू नये. त्यांच्या हातात खुणा केलेली एक बारीक सळई असते. ती प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खाचेत अलगद उतरवून ते खोली मोजतात. मी ते आकडे मोठ्याने सांगायला लावते. दोन, तीन, दोन, तीन, तीन, दोन. चार ऐकू आला की विचारते, कोणती दाढ, कोणती बाजू. वरच्या उजव्या शेवटून दुसऱ्या दाढेची मागची बाजू, असं नेमकं उत्तर मिळालं की त्या रात्रीपासून ब्रशला आणि दोऱ्याला जायचा पत्ता मिळतो. पुढच्या खेपेला तिथे तीन ऐकू येतो की नाही, याची मी खरंच वाट बघत असते. हे मोजमाप होत नसेल तर मागून घ्यावं.

आता दातांच्या किडीबद्दल. ती हिरडीपेक्षा वेगळी गोष्ट, पण थर तोच. त्यातले काही जंतू साखर खाऊन आम्ल बनवतात. दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. तरी पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (तो जितका कमी तितकी आम्लता जास्त), ५.५ च्या खाली गेला की त्यातली खनिजं विरघळू लागतात. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दाखवलं की साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांत थराचा पीएच त्या पातळीखाली घसरतो, आणि परत वर यायला अर्धा ते एक तास लागतो. त्या तासात लाळ आपलं काम करत असते. आम्ल सौम्य करते, विरघळलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताला परत देते. म्हणजे दात दिवसभर थोडे झिजत आणि थोडे भरत असतात. साखर किती खाल्ली याइतकंच ती किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं ठरतं ते यामुळे. जेवणाबरोबर खाल्लेलं गोड एकदाच मोजलं जातं. दुपारभर घोट घोट प्यायलेलं गोड पेय प्रत्येक घोटाला लाळेचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणतं.

हे सिद्ध ज्या प्रयोगातून झालं तो आठवला की मन खट्टू होतं. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या संस्थेत मानसिकदृष्ट्या अपंग रुग्णांना, त्यांना होय-नाही म्हणण्याची संधी नसताना, चिकट गोड गोळ्या दोन जेवणांच्या मध्ये खायला घातल्या गेल्या. त्यांच्यापैकी अनेकांचे दात उद्ध्वस्त झाले. मधल्या वेळचं चिकट गोड सगळ्यात घातक, हे जगाला त्यातून कळलं. आपण ते ज्ञान वापरतो, तर ते कुणाच्या तोंडातून आलं हेही माहीत असावं.

लाळेचा विचार केला की रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा का, हे वेगळं समजावं लागत नाही. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, पण झोपेत ती जवळजवळ थांबते. रात्री दातांवर जे राहील त्याच्याशी लढायला तिथे कुणी नसतं. म्हणून झोपण्यापूर्वी शेवटचा पदार्थ ब्रश असावा, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. पेस्ट फ्लोराइडची घ्यावी, मोठ्यांसाठी साधारण १००० ते १५०० पीपीएम, म्हणजे दर दहा लाख भागांत इतके भाग. हा आकडा वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. फ्लोराइड विरघळलेली खनिजं परत बसायला मदत करतं, आणि नव्याने बसलेला थर आम्लाला जास्त टिकतो. म्हणून ब्रशनंतर फेस थुंकून टाकावा पण खळखळून चुळा भरू नयेत, नाहीतर पेस्टमधलं औषध बेसिनमध्ये जातं. ही सवय बदलायला अनेकांना विचित्र वाटतं, तोंड धुतल्यासारखंच वाटत नाही म्हणतात. चार दिवसांत अंगवळणी पडतं. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये, कारण तेव्हा एनॅमलचा वरचा पदर मऊ झालेला असतो. साध्या पाण्याने चूळ भरावी, अर्धा-एक तास थांबावं.

तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्या कमी रक्ताळतात, आणि त्यातच त्यांची फसगत होते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, धोक्याची खूण दिसत नाही, आत हाड मात्र इतरांपेक्षा जास्त वेगाने जातं. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर ताब्यात ठेवणं अवघड होतं. दोन्हीकडून ओढ असते, आणि हिरड्यांचे उपचार केल्यावर रक्तातली साखरही थोडी पण मोजता येईल इतकी सुधारते असं दिसलं आहे. मधुमेहाच्या तपासणीला जाताना डोळे आणि पाय दाखवतात तशा हिरड्याही दाखवाव्यात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या जास्त सुजतात. त्या काळात दातांच्या डॉक्टरकडे जायचं नसतं हा समज चुकीचा आहे, जायलाच हवं.

मुलांबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती सगळ्यात जास्त निसटते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते, आयुष्यभरासाठी. वर येताना बराच काळ ती बाकीच्या दाढांपेक्षा खाली असते, ब्रश तिच्यावरून नुसता तरंगत जातो, आणि तिच्या खोल खाचांमध्ये अन्न अडकून राहतं. या वयातल्या मुलाच्या तोंडात ब्रश आडवा घालून, गालाकडून, ती एक दाढ मोठ्या माणसाने घासून द्यावी. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पुरते.

हिरडीच्या कडेकडे मी खऱ्या अर्थाने बघायला शिकले ते बाबांमुळे. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात ब्रश धरेना. स्वतःचे दात हाताच्या सवयीने घासले जातात. दुसऱ्याचे घासताना प्रत्येक दात बघावा लागतो. समोर उभं राहून जमत नाही हे लवकरच कळलं. त्यांना टेकून बसवायचं, आपण डोक्यामागे किंचित बाजूला उभं राहायचं, डाव्या हाताने हनुवटीला आधार द्यायचा आणि त्याच हाताच्या बोटाने ओठ अलगद बाजूला करायचा. मग कड दिसते. कुठे फिकट गुलाबी आणि घट्ट, कुठे तांबडी आणि फुगीर. अशक्त बाजूच्या गालात घास साचून राहायचा, त्यांना त्याचा पत्ताच नसायचा. जेवणानंतर ओल्या कापडाने तो गाल आधी रिकामा करायचा, मगच ब्रश. पेस्ट अगदी पुसट लावायची, फेस झाला की ठसका लागतो. औषधांनी तोंड कोरडं पडायचं, म्हणून ओठांना आणि जिभेला वरचेवर ओलावा द्यावा लागायचा. आणि मागे सरकलेल्या हिरडीतून उघडी पडलेली मुळं, तिथे कीड फार पटकन लागते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं तोंड साफ ठेवणं हा दातांपुरता प्रश्न नसतो. गिळणं कमकुवत झालेलं असलं की तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसांत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. वृद्धांच्या संगोपन केंद्रांमध्ये रोजची तोंडाची निगा नीट ठेवली तेव्हा न्यूमोनियाचं प्रमाण कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. तरी सेवा करणाऱ्यांच्या यादीत औषधं असतात, आंघोळ असते, कूस बदलणं असतं, आणि तोंड बहुधा नसतं. आमच्या यादीतही ते वरून पेनाने लिहून घालावं लागलं. जेवणानंतर अशक्त बाजूचा गाल, सकाळी आणि रात्री ब्रश, कवळी असल्यास रात्री काढून घासून पाण्यात. आणि त्याखाली ब्रश कोणत्या दाढेपासून सुरू करायचा तेही, कारण रात्रपाळीला येणारं माणूस दर वेळी वेगळं असतं.